उशीच्या उंचीवर

९ जानेवारी

दादा,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहीत बसत नाही. तू लगेच म्हणशील, ठमीला काहीतरी हवंय. हवंच आहे. पण ते शेवटी लिहिते, नाहीतर पहिल्या ओळीलाच तू पाकीट खिशात कोंबशील.

फोन तू ब्लॉक केलास. दोन महिने झाले, माझ्या मेसेजपुढे एकच टिक दिसते. पत्र ब्लॉक करता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय आमच्या इन्स्टॉलेशन शिकवणाऱ्या बाईंनी या सत्रात प्रतिसाद-वही ठेवायला सांगितली आहे. दर पंधरा दिवसांनी आजच्या एखाद्या कलावंताचं काम बघायचं आणि बघताना आपल्याला काय झालं ते लिहायचं. 'सुंदर', 'अप्रतिम' आणि 'अंतर्मुख करणारं' हे शब्द दिसले तर पान फाडून हातात देईन, असा दम दिलाय. आणि लिहायचं कुणालातरी उद्देशून, कलेशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा माणसाला. मी तुला निवडलं. राग मानू नकोस, हा मानच आहे.

तर पहिलं काम तुझ्याच धंद्यातलं निघालं. एका जुन्या गोदामाची गॅलरी केली आहे आणि मधोमध खरीखुरी लिफ्टची केबिन उभी केली आहे. सहा माणसांची, स्टीलची, आत आरसा. आपण आत जायचं, दार बंद होतं, वरचे आकडे पेटत जातात, एकपासून अकरापर्यंत. केबिन जागची हलत नाही. मग दार उघडतं आणि आपण होतो तिथेच. भिंतीवर लिहिलंय, 'गती आणि स्थैर्य यांच्या दरम्यान नागरी देहाची होणारी कोंडी'. दादा, तू दिवसाला तीन-तीन कोंड्या सोडवतोस, पण तुझ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मी गेले तेव्हा दार मिटत आलं की परत उघडायचं. सारखं तेच. तू असतास तर म्हणाला असतास, सेन्सरवर धूळ बसलीय. मी रुमालाने पुसलं. गार्ड धावतच आला.

"कलाकृतीला हात लावू नका."

"अहो, बिघडली होती."

"बिघडलेली नाही. ती तशीच आहे."

आता ती खरंच तशीच होती की त्याला तसं सांगून ठेवलं होतं, कोण जाणे. माझ्या पुसण्यानंतर मात्र दार नीट लागायला लागलं. कदाचित मी एका मोठ्या कलावंताचं काम दुरुस्त करून बिघडवलं असेल.

मला काय झालं? काही झालं नाही. अकराचा आकडा पेटला तेव्हा क्षणभर वर आल्यासारखं वाटलं, इतकंच.

आता हवंय ते. नोव्हेंबरच्या आमच्या वार्षिक प्रदर्शनात माझं जे काम होतं, ज्यातून तू ताडकन निघून गेलास, ते मोठ्या संग्रहालयाने नव्या कलावंतांच्या प्रदर्शनासाठी निवडलं आहे. आमच्या कॉलेजातून आजवर कुणाचंच तिथे गेलेलं नाही. बाईसुद्धा दोनदा हसल्या. पण काम म्हणजे आईचा आवाज, आणि आई नाही. म्हणून त्यांना दोन्ही मुलांच्या सह्या लागतात. फॉर्म सोबत ठेवला आहे. पेन्सिलने फुली केली आहे तिथे सही कर. पाच मार्चच्या आत त्यांच्या हातात पडायला हवा.

ते काम काय होतं हे तू बघितलंस कुठे? अंधारी खोली, एक स्टूल, त्यावर बरोबर उशीच्या उंचीवर छोटा स्पीकर, आणि नऊ मिनिटं आईचा श्वास. लोकांना ऐकायला वाकावं लागायचं. तू वाकलास, ओळखलंस आणि गेलास. वहिनी तुझ्या मागे धावली. दारावरची पाटीही तू वाचली नाहीस.

तुला न विचारता रेकॉर्ड केलं आणि न सांगता मांडलं. चुकलं माझं. बाकी त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुझी,
ठमी


२३ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. चालेल. तू लहानपणी अबोला धरलास की मी तुझ्या वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचे आणि तू चौथ्या दिवशी मारायला का होईना, पण बोलायचास. तेवढा धीर मला आहे.

या वेळी फोटो. एका नावाजलेल्या फोटोग्राफरने सात वर्षं ठिकठिकाणच्या प्रतीक्षालयांत झोपलेल्या माणसांचे फोटो काढले आहेत. दवाखाने, स्टेशनं, सरकारी कचेऱ्या. माणसं गाढ झोपलेली, तोंडं उघडी. एकाची चप्पल अंगठ्यावर लोंबतेय, आता पडेल असं वाटतं आणि पडत नाही. एकेक फोटो भिंतीएवढा. आपली झोप कुणी एवढी मोठी करून टांगलीय हे त्यातल्या एकालाही माहीत नसणार.

दाराशी अभिप्रायाची वही होती. त्यात कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'मधल्या भिंतीवरचे निळ्या शर्टातले गृहस्थ माझे वडील आहेत. ते आता नाहीत. हा फोटो कोणत्या दिवशी काढला ते कृपया कळवावे. त्या वर्षीचा त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.' खाली फोन नंबर. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं होतं: 'छान. लाइटिंग उत्तम.'

मी निळ्या शर्टासमोर परत जाऊन उभी राहिले. बराच वेळ. पाय दुखायला लागले म्हणून निघाले. वहीत तसंच लिहिलं, पाय दुखायला लागले.

वर्गात यावरून चांगली जुंपली. आमच्यात एक आहे, तीन वर्षं इंजिनियरिंग करून सोडून आलेला, त्याला सगळे इंजिनियरच म्हणतात. तो म्हणाला, "झोपलेल्याची परवानगी घ्यायची म्हणजे त्याला उठवायचं, आणि उठवला की फोटो गेला. मग काढायचाच नाही का?" बाई म्हणाल्या, "नाही काढायचा, असं कोण म्हणतंय? पण गेला तो फोटो आणि राहिला तो माणूस, यात तुम्ही काय धरता तेवढं स्वतःशी ठरवा." कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे इतके ठरवून बघत नव्हते की मला पेन्सिलीला टोक करत बसावं लागलं.

तुला वाटत असेल, मी आईसमोर फोन धरून टपून बसले होते. तसं नव्हतं. बाईंनी ओळखीच्या आवाजांचा संग्रह करायला सांगितला होता. मी नळ घेतला, तुझ्या इमारतीच्या लिफ्टची मोटर घेतली, पंखा घेतला. आईच्या ऑक्सिजन मशीनचाही घेणार होते. आईला विचारलं होतं. "कर गं काय करायचं ते, मला कुठे उठून बघायचंय," असं म्हणाली होती. त्या दुपारी ती झोपली आहे असं समजून मी फोन उशीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि खुर्चीत बसले. आधी मशीनच ऐकू येत होतं. मग तिचा श्वास.

नर्सबाई सांगून गेल्या होत्या की श्वासांमध्ये अंतर पडायला लागलं की सगळ्यांना बोलवून घ्या. तू होतास तेव्हा समोर. पण ते कधी पडायला लागतं हे नवख्याला कळत नाही रे. सगळं एकदम झालं. रेकॉर्डिंग बंद केलं आणि लगेच तुला फोन लावला.

तू दारातूनच विचारलंस, "काही बोलली का?" मी नाही म्हटलं. ते अजूनही तसंच आहे.

फॉर्म हरवला असेल तर दुसरा पाठवते.

ठमी


७ फेब्रुवारी

दादा,

परवा वहिनी येऊन गेली. तुला माहीत आहे की नाही ते ठाऊक नाही, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तिने तुझ्याबद्दल बरंच सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस.

आधी काम सांगते. या वेळी कलावंत म्हणजे एक जिवंत बाईच होती. रिकाम्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत ती. समोर बसून तिला काहीही विचारायचं, ती फक्त "हो" म्हणते. रोज सहा तास, महिनाभर. लोक आधी चेष्टाच करत होते. एकाने विचारलं, "मला पगारवाढ मिळेल?" हो. "माझ्या सासूला मी आवडतो?" हो. सगळे खिदळले. मग एक म्हातारे गृहस्थ बसले, पुढे झुकून अगदी हळू काहीतरी विचारलं. ती हो म्हणाली. ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही खोटं बोलताय का?"

"हो."

मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, फार शहाणपणा केला आपण. बाई माझ्याकडे अगदी सरळ बघत होती, तिच्या ओठांना थंडीने भेगा पडल्या होत्या. मला काही वाटलं नाही.

तर वहिनी. माझे स्वेटर तुमच्याकडे राहिले होते ते घेऊन आली. चहा टाकला. ती आईच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसली.

"वाचतात गं ते पत्रं," ती म्हणाली. "मशीनरूममध्ये टूलबॉक्सवर बसून वाचतात. घरी आणत नाहीत."

"आणि सही?"

"सहीचं मला विचारू नकोस. तुमचं तुम्ही बघा." मग चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी रजा टाकायला हवी होती म्हणतात. दिवसातून दहादा तेच. तुझा त्या दिवशीचा कॉल अजून पुसलेला नाही. चार वाजून सहा मिनिटं. उघडतात, बघतात, बंद करतात. जेवताना, टीव्ही बघताना. माणूस भुईसपाट झालाय गं आतून, वरून नुसता चालतोय."

मी पातेलं घासायला उठले.

"मला एवढंच विचारायचं होतं," ती मागून म्हणाली. "अचानकच झालं ना? म्हणजे, आधी बोलवून घ्यावं असं काही दिसण्यासारखं नव्हतं ना?"

"अचानकच झालं," मी म्हटलं.

"बघ. मीही त्यांना तेच सांगते. पण तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं. सांगते त्यांना."

पातेलं स्वच्छ झालं होतं, तरी मी घासत होते. जाताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

सांगितलंच असेल तिने तुला.

ठमी


१६ फेब्रुवारी

दादा,

या वेळचं काम प्रदर्शनातलं नाही, आमच्या कॉम्प्युटर लॅबमधलं आहे. हल्ली यंत्राला एखाद्याचा आवाज दिला की ते त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. यावर चर्चासत्र झालं. एका पाहुण्यांनी मेलेल्या गायकाकडून नवीन गाणं म्हणवून घेतलं. अर्धा वर्ग 'ही कला नव्हेच' म्हणून तावातावाने भांडला आणि उरलेला अर्धा गुपचूप ते यंत्र आपल्या फोनवर उतरवून घेत होता.

इंजिनियर मला म्हणाला, "तुझ्याकडे आईचं रेकॉर्डिंग आहे ना? दे. जे बोलायचं राहिलं असेल ते बोलवून घेऊ." माणूस वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय.

मी ती नऊ मिनिटं दिली, आणि तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजचे तुकडे. 'दूध संपलंय, येताना आण' वगैरे. यंत्राने आधी सगळं साफ केलं. साफ करणं म्हणजे, जिथे आवाज नाही ती जागा दोष समजून काढून टाकायची. आईच्या दोन श्वासांमधली अंतरं त्याने काढून टाकली. नऊ मिनिटांची दोन मिनिटं झाली. आई धावत सुटल्यासारखी धापा टाकत होती.

"आता लिही काय बोलायचंय ते," इंजिनियर म्हणाला.

मी पडद्यासमोर बसले. तुझ्यासाठी काहीतरी लिहावं असं मनात आलं. तिने तुला हाक मारलीय, जा म्हटलंय, सुखी राहा म्हटलंय. कुणाला कळलं नसतं. पाच मिनिटांचं काम होतं आणि तू उरलेला जन्म त्यावर काढला असतास. मी 'दूध संपलंय' एवढंच लिहिलं. यंत्र आईच्या आवाजात म्हणालं, दूध संपलंय. इतकं गोड की आई कधीच एवढं गोड बोलली नाही. आपल्याला दूध संपल्याचं ती धमकीसारखं सांगायची.

इंजिनियरने विचारलं, "रडू येतंय का?" मी म्हटलं, नाही. आलेलंच नाही अजून. चार महिने झाले. वर्गात मला मख्खमाला म्हणतात, मला ऐकू येतं.

आता एक सांगायचंय, ते तुला आवडणार नाही. ही पत्रं मी दोनदा लिहिते. एक तुला पोस्टात टाकते, दुसरी प्रत वहीत. बाई वाचतात, खाली शेरा देतात. वहिनी येऊन गेली त्या पत्राखाली त्यांनी लिहिलंय, 'पातेल्याचा तपशील उत्तम.' आणि 'काही वाटलं नाही'च्या खाली लाल रेघ मारून लिहिलंय, 'हे दुसऱ्यांदा आलं. खोलात जा.'

म्हणजे मी परत तेच केलं. आधी आई, आता तू आणि वहिनी. हे मला लाल रेघ बघितल्यावर कळलं, आधी नाही. वही मात्र मी बंद केलेली नाही, कारण गुण आहेत.

पाच मार्चला अजून सतरा दिवस आहेत. मी रोज मोजते.

ठमी


२५ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळालं. फुली खोडून त्याच्यावरच सही केली आहेस. तू नेहमी तसंच करतोस.

तुझी चिठ्ठी इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला सारखी घडी उघडायला नको. शाई पुसट व्हायला लागली आहे.

'ठमे, सही केली आहे. मला त्या कामातलं कळत नाही, पण माझ्यामुळे तुझं अडायला नको. मी नव्हतो एवढंच डोक्यात घेऊन बसलो आणि तू होतीस हे विसरलो. एकटीने सगळं बघितलंस. वहिनी सांगत होती, अचानकच झालं. आई काही बोलली नाही, माझी वाट बघत राहिली नाही, हे एक बरं झालं. तेवढ्यावर माझं चाललंय. नंबर सोडवला आहे. रविवारी जेवायला ये. दादा.'

संग्रहालयाच्या बाईंना फोन करून सही मिळाल्याचं कळवलं. त्या म्हणाल्या, "अभिनंदन. तुमच्या कामातली शांतता फार बोलकी आहे." कॉलेजात पेढा की केक यावर वाद झाला आणि शेवटी कुणीच काही आणलं नाही.

फॉर्मवर तुझ्या शेजारी माझी सही व्हायची आहे. पेन घेऊन बसले होते.

रविवारचं कळवते.

ठमी


२ मार्च

दादा,

रविवारी आले नाही. वहिनीने दोन फोन केले, तू एक केलास. मी समोर बसून ते वाजू दिले. तुमच्या ताटावर बसून तुझ्या तोंडाकडे बघत घास गिळणं मला जमलं नसतं.

हे पत्र एकदाच लिहितेय. वहीत जाणार नाही. बाईंना सांगितलं की शेवटचा प्रतिसाद देणार नाही, गुण कापा. त्यांनी कारण विचारलं नाही. नुसती वही मिटून माझ्यापुढे सरकवली.

त्या दिवशी अचानक काही झालं नाही.

रेकॉर्डिंग मी तीन वाजून वीस मिनिटांनी सुरू केलं. बाराव्या मिनिटाला आईच्या श्वासांत अंतर पडायला लागलं. नवख्याला कळत नाही असं मी तुला लिहिलं होतं. मला कळलं होतं. नर्सबाईंनी सांगितलं होतं त्याहून ते स्पष्ट होतं. एक श्वास, मग काही नाही, मग इतका वेळ काही नाही की मी खुर्चीत पुढे सरकले, मग दुसरा श्वास. तुला फोन करायचा आहे हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं.

फोन रेकॉर्डिंगवर होता. कॉल लावला असता तर ते तिथेच तुटलं असतं. मी मनात म्हटलं, अजून एक मिनिट. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, दादा. मला तो हवा होता. शेजारच्या काकूंना हाक मारून तुला बोलवता आलं असतं, दार उघडंच होतं. पण हाक रेकॉर्डिंगमध्ये आली असती. खुर्ची करकरू नये म्हणून मी पायसुद्धा हलवत नव्हते. मी दुःखाने सुन्न होऊन बसले होते असं पुढे सगळ्यांनी मानलं, आणि मीही मानू दिलं. मी सुन्न नव्हते. मी काम करत होते.

सतराव्या मिनिटाला आई बोलली. डोळे मिटलेलेच. "तो आला का?"

अगदी नीट ऐकू येईल असं विचारलं. मी उत्तर दिलं, पण तोंडाने नाही. माझा आवाज आत येईल म्हणून मी मान हलवली. नाही, अशी. तिचे डोळे मिटलेले होते. खोलीत कुणी आहे हे तरी तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. तिने परत विचारलं नाही.

आई चार वाजून दोन मिनिटांनी गेली. त्यानंतर मी आणखी चार मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, आणि मग तुला फोन केला. तू पहिल्या रिंगला उचललास, नेहमीसारखा. चौदा मिनिटांत दारात होतास. म्हणजे मी बाराव्या मिनिटाला फोन केला असता तर तू तीन शेहेचाळीसला आला असतास. सोळा मिनिटं तुला मिळाली असती. प्रदर्शनात लावलेली नऊ मिनिटं मी एकोणतिसाव्या मिनिटापासून कापली होती, कारण तिथे आवाज सगळ्यात स्वच्छ आहे. तू त्या अंधाऱ्या खोलीत वाकून जे ऐकलंस, ते तू तिचा हात धरून ऐकायला हवं होतंस. त्या वेळेला तू तिथे असतास.

तू लिहिलंस, तिने वाट बघितली नाही, तेवढ्यावर माझं चाललंय. ते तेवढं मी आज काढून घेतेय. दोन दिवस मी हाच विचार केला, की गप्प राहिले तर तू बरा राहशील. पण तू बरा नाहीयेस. रजा टाकली नाही म्हणून तू चार महिने स्वतःला खातोयस. रजेचा काही संबंध नव्हता, दादा. तू कामावर होतास आणि तरीही चौदा मिनिटांवर होतास. त्या कॉलची वेळ सारखी काढून बघू नकोस. तिथे तुझी चूक नाही. चूक त्याच्या आधीच्या चौतीस मिनिटांत आहे आणि ती सगळी माझी आहे.

मला लाज वाटते. हे लिहिताना डोळे कोरडे आहेत, पण लाज वाटते, आणि ती सकाळी उठल्यापासून असते. माफ कर असं म्हणवत नाही.

फॉर्म परत पाठवतेय. माझी सही केलेली नाही आणि करणार नाही. संग्रहालयाला कळवलं की काम मागे घेतेय. त्यांनी कारण विचारलं तेव्हा तुझं नाव घेतलं नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात पूर्ण शेहेचाळीस मिनिटं आहेत. माझ्याकडची मी पुसली. ऐकायची की नाही ते तू ठरव, वहिनीला मात्र आधी सांग, एकटा ऐकू नकोस. सतराव्या मिनिटाला आई विचारते, आणि त्याच्यानंतर बराच वेळ काही ऐकू येत नाही. फाइल बिघडलेली नाही. तिथे मी बसले आहे.

ठमी